कबुतरजाळी: एक पावसाळा काढल्यानंतर

जाळी बसवली त्याला आता दहा महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अभिप्रायाला काही अर्थ नसतो, तेव्हा सगळ्याच जाळ्या ताठ असतात. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे, मग बघू, असं मी जाळीवाल्याला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघा की काकू." बघितलं. आता लिहिते.

आधी घर सांगते, म्हणजे माप कळेल. मुलुंड पूर्व, दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत पस्तीस वर्षांची. गॅलरी दहा बाय पाच, स्वयंपाकघराची खिडकी चार बाय चार, एसीच्या स्टँडची जागा चार बाय तीन आणि डक्टकडे (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीकडे) उघडणारी बाथरूमची दोन बाय दोनची खिडकी. एकूण ब्याऐंशी चौरस फूट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यावरून माझं भांडण आहे.

आता कारण. फेब्रुवारी २०२२मध्ये आमच्या ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी माझी. तेव्हा ह्या अभिप्रायात निःपक्षपातीपणा शोधू नका. माझा एक अवयव ह्यांच्या पोटात राहायला गेला आहे आणि तिथे त्याची आबाळ होतेय का हे बघणं मला भाग आहे. एकोणतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवल्यामुळे चौकशा करायची खोडही आहे.

ट्रान्सप्लांटच्या वेळीच हॉस्पिटलने सांगितलं होतं की घरात ओल नको, कुंड्यांची माती उकरायची नाही, कबुतरांचा बंदोबस्त करा. बाहेरून आलेली किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड अशा तीन गोळ्या जन्मभर. त्या गोळ्या शरीराचा पहारा झोपवतात. पहारा झोपला की नेहमीच्या हवेतली, आपल्याला कधी बाधत नसलेली बुरशीसुद्धा घरात शिरते. मी यादी करून एकेक काम हातावेगळं केलं. तुळस शेजारी दिली. कबुतरांसाठी जाळी बसवून घेतली.

ती पहिली जाळी. चौदा रुपये फूट, स्वस्तात पडली म्हणून मी खूश. दोन पोरं आली, गॅलरीतली महिन्यांची वाळलेली विष्ठा त्यांनी झाडूने खरवडली, सुपलीत भरली आणि उरलेली खाली फुंकून दिली. गॅलरीत पांढरट धूळ उठली होती. हे आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. मी कंबरेवर हात ठेवून उभी होते आणि मनात म्हणत होते, पोरं कामाची आहेत, झटपट आवरलं. शास्त्राची शिक्षिका! त्या फर्मचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनी केलं ते मुंबईतले बहुतेक जण करतात, आणि करताना मी त्यांना थांबवलं नाही. जाळीही साधीच निघाली. दोन पावसाळ्यांत उन्हाने ठिसूळ झाली, तिसऱ्यात कोपऱ्यातून फाटली. एसीच्या मागे पुन्हा घुटरघू सुरू झालं.

नोव्हेंबर २०२४मध्ये ह्यांचं डोकं दुखायला लागलं. आधी चष्म्याचा नंबर, मग ॲसिडिटी, मग "दिवाळीचं जागरण". ताप नाही. तीन आठवडे आम्ही बाम चोळत बसलो. मग एका सकाळी ह्यांनी पेपर हातात घेतला आणि म्हणाले, दोन-दोन ओळी दिसतात. त्याच दिवशी ॲडमिट. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, त्यात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी सापडली. मेंदूच्या आवरणाला बुरशीची सूज.

जाळीच्या अभिप्रायात हे सगळं कशाला, असं वाटेल. पण बुरशी कळल्याशिवाय जाळी कशी निवडायची तेही कळणार नाही, म्हणून थोडं सहन करा.

क्रिप्टोकॉकस कबुतराच्या जुन्या, वाळलेल्या विष्ठेत सुखाने वाढतो. कबुतर स्वतः आजारी पडत नाही. त्याचं अंग एकेचाळीस-बेचाळीस अंशांवर तापलेलं असतं, इतकी ऊब ह्या बुरशीला मानवत नाही. विष्ठा वाळून तिची भुकटी झाली की बुरशीचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. निरोगी माणसाचं शरीर त्यांचा तिथेच निकाल लावतं किंवा त्यांना कोंडून ठेवतं. ट्रान्सप्लांटवाल्यांना हा आजार बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत नाही, वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर गाठतो, म्हणजे घरच्यांची काळजी सैल पडते तेव्हा. लॅबमधल्या मुलीने मला आणखी एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. ही बुरशी ओळखायला ती ज्या खाद्यावर वाढवतात ते कारळ्यांचं असतं. आपण चटणी करतो ती कारळी, खुरासणी! त्यावर क्रिप्टोकॉकस तपकिरी होतो, बाकीच्या यीस्ट पांढऱ्या राहतात. आणि त्यात क्रिएटिनिन घालतात (किडनी कशी चालते हे रक्तातल्या ज्याच्या आकड्यावरून बघतात ते), कारण ह्या बुरशीला क्रिएटिनिन पचतं आणि पक्ष्याच्या विष्ठेत ते असतंच. ज्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर आमचं घर गेली सहा वर्षं उठतंय-बसतंय, ते ह्या बयेचं जेवण. त्या दिवसापासून मी कारळ्याची चटणी केलेली नाही. कारळ्यांचा काही दोष नाही, मला माहीत आहे.

उपचार म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त ॲम्फोटेरिसिन ह्या बुरशीवरच्या औषधाची सलाइन. साधं ॲम्फोटेरिसिन किडनीला फार त्रास देतं, म्हणून लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म वेष्टनातलं. हेच ते इंजेक्शन, २०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या वेळी ज्याच्यासाठी लोक शहरभर हिंडत होते. आता मिळतं, फक्त पैसे मोजावे लागतात. तरी क्रिएटिनिन एक पॉइंट तीनवरून एक पॉइंट नऊवर गेलंच. आणि पोटॅशियम इतकं खाली गेलं की रोज सिरप पाजावं लागलं. डायलिसिसच्या काळात पोटॅशियम वाढू नये म्हणून ज्या माणसाचं मी केळं आणि नारळपाणी तोडून टाकलं होतं, त्याच माणसाच्या हातात सिरप ठेवत नर्स म्हणाली, "काका, पोटॅशियम घ्या." हे हसले. हॉस्पिटलातल्या त्या तेवीस दिवसांत तेवढंच एकदा.

नंतर फ्लुकोनाझोल, हेही बुरशीवरचंच औषध, तोंडाने, लांब मुदतीचं. ते टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून टॅक्रोलिमस निम्म्याच्या जवळ आणलं आणि सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त देऊन लेव्हल बघायची. हे इथे लिहिते आहे कारण गल्लीतले डॉक्टर नखाच्या बुरशीला, जिभेवरच्या पांढऱ्या थराला फ्लुकोनाझोल सहज लिहितात. तुमच्या घरात ट्रान्सप्लांटचा माणूस असेल तर अशी कुठलीही गोळी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, फोन केल्याशिवाय द्यायची नाही. बंद करतानाही फोन करायचा. ती थांबली की टॅक्रोलिमस खाली घसरतं आणि मग किडनीला धोका.

मी डॉक्टरांना विचारलं, हे गॅलरीतल्या कबुतरांमुळेच का? ते म्हणाले, सिद्ध करता येणार नाही. कण कुठेही मिळू शकतात, जुने कोंडलेलेही जागे होऊ शकतात. "पण घरी नेण्याआधी ती गॅलरी स्वच्छ पाहिजे, आणि स्वच्छ करताना पेशंट घरात नको." म्हणून त्या २०२२च्या झाडूमुळे हे झालं असं मी कुठेही म्हणत नाही. ते दृश्य मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

तर डिसेंबर २०२४. डिस्चार्जला पाच दिवस. मी तीन जाळीवाल्यांना फोन केले आणि तिघांना एकच प्रश्न विचारला: घाण कशी काढणार?

पहिला म्हणाला, "मॅडम, वो हम झाड़ू मार देंगे." ठेवला फोन. दुसरा म्हणाला, सफाई आमच्यात येत नाही, कामवालीकडून करून ठेवा. म्हणजे माझ्याऐवजी आमच्या सुमनने ती धूळ खायची. तोही गेला. तिसरा म्हणाला, "आदल्या दिवशी पाणी मारून ठेवावं लागेल. सुकं खरवडलं तर माझ्याच छातीत जातंय काकू. माझा भाऊ त्यानेच खोकतोय." त्याला बोलावलं. ज्याला स्वतःच्या छातीची काळजी आहे तोच दुसऱ्याची घेतो. त्याचं नाव-नंबर इथे टाकत नाही, त्याने मनाई केली आहे. दोघंच भाऊ आहेत, मुलुंड-भांडुपच्या बाहेर येत नाहीत, आणि अभिप्राय वाचून पन्नास फोन आले तर तो एकही उचलणार नाही असं त्याचं म्हणणं. साताऱ्याकडचा आहे, सांगितलं ते ऐकायला हवं.

सफाई बघण्यासारखी होती. फवारणीचा पंप, आपल्याकडे बागेला वापरतात तो, त्यात पाणी आणि थोडा साबण. आदल्या संध्याकाळी सगळ्या थरावर फवारा, पाणी जोरात मारायचं नाही, नाहीतर कण उडतात. रात्रभर भिजलं. सकाळी पुन्हा फवारा. दोघांच्या तोंडाला एन-पंच्याण्णव मास्क, हातात जाड रबरी मोजे. मऊ झालेला थर पत्र्याच्या उलथण्याने सोलून काढला, ओला असतानाच दुहेरी पिशवीत बांधला. मग ब्लीचचं पातळ पाणी ओतून फरशी आणि एसीचा स्टँड घासला. खिडक्यांच्या फटींना आतून चिकटपट्टी लावायला त्यानेच सांगितलं. झाडू एकदाही उचलला नाही. सफाईत दहापैकी दहा. मी दहापैकी दहा देत नाही, माझे विद्यार्थी सांगतील.

एसीच्या मागे घरटं होतं. काड्या, तारेचा एक तुकडा, आणि दोन अंडी. तो थांबला. "काकू, अंडी हायत." मला गणित येत होतं. अठरा दिवसांनी पिल्लू, मग उडायला महिनाभर. हे पाच दिवसांत घरी येणार होते. तो माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला. बाहेर आले तेव्हा स्टँड स्वच्छ होता. त्याने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चहा दोघांनी घेतला.

आता जाळी. त्याच्याकडे दोन प्रकार होते: साधी अठरा रुपये फूट आणि उन्हाला टिकणारी जाड नायलॉनची बावीस. मी बावीसची घेतली. चौकोन इतके लहान की माझी दोन बोटं जेमतेम जातात. भोवती जाड दोरी ओवून तिला स्टीलचे हुक, वीतभर अंतरावर एकेक. पहिल्या वेळी हुक साधे लोखंडी होते, गंजून भिंतीवर ओघळ आले होते. ते त्याने काढले आणि भोकं बुजवली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. ड्रिल मारताना भावाने खाली ओला टॉवेल धरला होता. ही गोष्ट मी सांगितली नव्हती, त्याची त्याने केली. भिंतीच्या जुन्या धुळीतही बुरशी असते. बाहेरच्या बाजूला काम करताना कंबरेला दोर होता, पण त्याचं दुसरं टोक आमच्या गॅलरीच्या ग्रिलला बांधलेलं, आणि ते ग्रिल पस्तीस वर्षांचं. मला ते आवडलं नाही, मी तसं म्हटलं. तो म्हणाला, रोजचंच आहे. ह्या बाबतीत दहापैकी तीन, आणि ते तीनही दोर होता म्हणून.

दर ठरला बावीस. ब्याऐंशी फुटांचे होतात अठराशे चार. बिल आलं बावीसशे. का? तर शंभर फुटांच्या खाली कितीही काम असलं तरी शंभराचे पैसे. हे फोनवर सांगितलं नव्हतं. मी वहीत मापं लिहून ठेवली होती, ती दाखवली, शाळेच्या आवाजात बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि बावीसशेच घेतले. सफाईचे अठराशे वेगळे. चार हजार एकूण. ॲम्फोटेरिसिनचं बिल नुकतंच भरून आले होते, त्यापुढे ही रक्कम कुठे लागते, पण तत्त्व म्हणून अजून राग आहे. तुम्ही बोलावलंत तर हे आधी विचारा. जाळीला तीन वर्षांची हमी कार्डावर लिहून दिली आहे, शिक्का नाही, सही आहे.

उन्हाळ्यात जाळी जराही सैल पडली नाही. कपडे वाळत घालायला आतल्या बाजूला त्याने दोन दोऱ्या लावून दिल्या, त्यावर रोज चादरी असतात, ओझ्याने काही झालं नाही. प्रकाश थोडा कमी होतो. काळी जाळी घेतली तर नजरेला कमी खुपते, हिरवी घेऊ नका, घराला नर्सरीची कळा येते.

जुलैच्या वादळी पावसात एसीकडचा एक कोपरा हुकातून निसटला. फोन केला. "येतो काकू, दोन दिवसांत." नऊ दिवसांनी आला, तेही चौथ्या फोननंतर. मधल्या काळात एक कबुतर आत शिरलं आणि जाळी आणि एसी यांच्यामध्ये अडकून फडफडत राहिलं. ह्यांना मी आतल्या खोलीत बसवलं, ह्या वेळी कडी घातली, मास्क लावला, आधी पाण्याचा फवारा मारला आणि मग काठीने जाळी उचलून त्याला वाट करून दिली. अंगावर पिसं आणि पाणी. एकसष्टाव्या वर्षी हा व्यायाम. नंतरच्या सेवेला दहापैकी चार. आला तेव्हा मात्र त्याने सगळे हुक तपासले, सहा नवे घातले आणि पैसे मागितले नाहीत. मग पाच.

त्याच महिन्यात महापालिकेने कबुतरखाने बंद करायला घेतले आणि ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्या जिन्यातही दोन तट पडले. त्या वादात लोक बोलत होते ते जास्त करून फुप्फुसाच्या ॲलर्जीबद्दल, ती धडधाकट माणसालाही होते. आमचं दुखणं वेगळं, ते पहारा झोपलेल्यांचं. पण जिन्यात उभं राहून हा फरक कुणाला सांगणार? तिसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या छज्ज्यावर रोज ज्वारी टाकायच्या, आमच्या गॅलरीच्या बरोबर वर. मी भांडले नाही. ह्यांची फाइल घेऊन वर गेले, चहा घेतला, पाठीतून पाणी काढल्याचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "मुक्या जिवाला दोन दाणे घातले तर काय होतंय?" मग बराच वेळ कागद वाचत बसल्या. आता आमच्या बाजूच्या छज्ज्यावर ज्वारी पडत नाही. मागच्या बाजूला पडते असं वॉचमन सांगतो, तिकडे कोण राहतं ते मला माहीत आहे, पण तिथपर्यंत माझी फाइल अजून पोचलेली नाही.

ह्यांचं म्हणाल तर डोकेदुखी गेली, दोन-दोन ओळी गेल्या, क्रिएटिनिन एक पॉइंट पाचवर थांबलं आहे. फ्लुकोनाझोल कमी मात्रेत अजून चालू आहे, डिसेंबरला ठरवणार. गॅलरीत सकाळी खुर्ची टाकून बसतात, पेपर वाचतात. कबुतर जाळीच्या बाहेर रेलिंगवर येऊन बसलं की पेपरने हुसकावतात, मी ओरडते.

एक काम राहिलं आहे आणि ते एकट्या घराच्या जाळीने होणार नाही: डक्ट. बाथरूमच्या खिडकीला जाळी आहे, पण डक्ट वरून उघडा, तळाशी वर्षांनुवर्षांचा थर. आमच्या जाळीवाल्याने गच्चीवरून आख्खा डक्ट झाकायचा आणि खालचा थर भिजवून काढायचा अंदाज दिला आहे: अठ्ठावीस हजार, सगळ्या सोसायटीचा मिळून. इथे शंभर फुटांची अट लागत नाही, मी विचारून घेतलं. सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर घेतला आहे, पार्किंगच्या खाली. तोवर आमच्या बाथरूमची खिडकी बंद आणि एक्झॉस्ट फॅनवर चिकटपट्टी.